उलटा लागलेला पखालवाला

काल विहिरीजवळ पांढरं काहीतरी उभं होतं असं कोणी मला येऊन सांगितलं, की मी आधी त्याचा नंबर तपासते. चेष्टा नाही करत. नेरला माझं चष्म्याचं दुकान आहे, ऑप्टोमेट्रीचा डिप्लोमा केलाय, आणि आजवर माझ्या खुर्चीत जेवढी भुतं येऊन बसली त्यातली बहुतेक मोतीबिंदूची निघाली. एक तर नुसतं काच पुसली नाही म्हणून होतं. त्यामुळे या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते आणि मनात म्हणते, मंडळी, डोळे तपासून घ्या.

आता मीच लिहायला बसलेय. खुशाल हसा. ज्यांना ज्यांना तोंडी सांगितलं त्यांनी एकतर हात जोडले, नाहीतर मला पाणी आणून दिलं. मला दोन्ही नको होतं. म्हणून जसं झालं तसं इथे लिहून टाकते.

माझे बाबा म्हणजे गजभिये सर. हायस्कुलात इतिहास शिकवायचे. रिटायर झाल्यावर कोणी शेती बघतं, कोणी पारावर बसून राजकारण करतं. बाबांनी बाहुल्या रंगवल्या. हा शब्द आईचा. "शाळा सुटली आन् आता बाहुल्या खेळून राह्यले," असं ती आल्यागेल्याला सांगायची. पण उजेडाच्या खिडकीतली शिलाई मशीन हलवून त्यांना जागा तिनंच करून दिली होती.

बाहुल्या म्हणजे सैनिक. बोटाच्या पेराएवढे, धातूचे, कोरे करकरीत मिळतात. ते रंगवायचे, बेसवर, म्हणजे एका छोट्या पट्टीवर, चारचार करून चिकटवायचे. मग मोठ्या टेबलावर खोटं रान मांडायचं — टेकड्या, नाले, गाव — दोन्हीकडून फौजा उभ्या करायच्या, टेपनं मोजून पुढे सरकायचं, फासे टाकायचे आणि एखादी जुनी लढाई पुन्हा लढायची. याला वॉरगेमिंग म्हणतात. पुण्यातल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं बाबांना हा नाद लावला. बाबांनी अडगावची लढाई निवडली. आपल्या वऱ्हाडातलीच, इंग्रज आणि नागपूरकर भोसल्यांची. त्यात भोसले हरले. या छंदातल्या लोकांकडे इंग्रजांची लाल कोटवाली पलटण हमखास असते, पण बाबा रंगवत होते भोसल्यांची फौज. मी एकदा विचारलं, हारलेले कायले रंगवता?

"जितलेल्याले सगळेच रंगवतात," म्हणाले. "हारलेलेच नसतील तं थे लढले कोणाशी?"

फौज पुरी होत आली आणि बाबांचे डोळे जायला लागले. काचबिंदू. हा आजार कडेकडेनं येतो. आधी बाजूचं दिसेनासं होतं, मग समोर एक नळी उरते, मग तीही बारीक होत जाते. नागपूरला ऑपरेशन झालं, थेंब मी स्वतः वेळेवर टाकायचे. काही डोळ्यांचं काहीच करता येत नाही, हे आम्हाला धंद्यात फार लवकर शिकवतात. शिकलेलं असूनही मी विहारात बसून रडले होते.

शेवटी एकच बेस राहिला होता. त्यावर तीन बंदूकवाले आधीच लागले होते, चौथ्याची जागा मोकळी होती. चौथा म्हणजे पखालवाला — पाठीवर पाण्याची कातडी पखाल घेऊन वाकलेला माणूस. बाबांचा लाडका. "तहान लागली का मंग कोणी पुसत नाही पाणी कोणाच्या हातचं हाये," असं त्याच्याकडे बघून म्हणायचे. त्याचं रंगकाम नळी उरली होती तेव्हाच झालं होतं. चिकटवायची वेळ आली तोवर नळीही बुजली होती. बाबांनी तो चाचपून चिकटवला. मी शेजारीच होते. नीट बसला का म्हणाले, मी म्हटलं पक्का बसला. सैनिकानं कुठे बघायचं असतं हे मला काय माहीत?

आणखी एक गोष्ट सांगते, कारण पुढे लागेल. माझं लग्न झालं आणि मोडलं, मी नेरला परत आले. केस लवकर पांढरे व्हायला लागले. बाबांच्या डोक्यात माझं दुसरं लग्न, त्यामुळे ते बाजारातून भाजीच्या पिशवीत मेंदी नाहीतर काळ्या रंगाचं पाकीट घेऊन यायचे. मीही त्यांच्यासाठी लावायचे. आई गेली, मग बाबांची नजर गेली, आणि मी रंग लावणं सोडून दिलं. कोणाला दिसायचं होतं? बाबांना मी ते सांगितलं नाही. गल्लीतल्या बायांनाही बजावून ठेवलं होतं.

तर गेल्या जानेवारीत यवतमाळहून फोन आला. कौस्तुभ नावाचा एक जण, तिथेच पॉलिटेक्निकला शिकवतो. त्यानं दारव्हा रोडवरचं एक मंगल कार्यालय एका रविवारसाठी घेतलं होतं. वॉरगेमिंगचं कन्व्हेन्शन, दिवसभराचं. पुणे, नागपूर, अमरावतीचे लोक येणार. "सर, अडगाव मांडतोय," तो म्हणाला. "इंग्रज आहेत आमच्याकडे. भोसले फक्त तुमच्याकडे आहेत."

बाबांनी फोन माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "माई फौज म्या एका जागी मांडलेली कधी पाह्यलीच नाही, प्रज्ञा. डब्यातच राह्यली थे."

मी म्हटलं, "चला मंग."

"मले काय दिसनार हाये तथी?"

"मी सांगन ना."

मला खरं तर त्यांना न्यायचं नव्हतं. नवख्या माणसांत ते चाचपडणार, कोणीतरी कीव करणार, आणि ते घरी येऊन पंधरा दिवस बोलणार नाहीत. पण आपल्या हातानं केलेली फौज एकदा उभी राहिलेली बघायची, एवढीच एक इच्छा उरलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

सैनिक न्यायचे कशात हा प्रश्न होता. माझ्याकडे जुन्या चष्म्याच्या डब्या पोत्यानं पडलेल्या. आत मऊ कापड असतंच. भोसल्यांची सगळी फौज चष्म्याच्या डब्यांत झोपवली, दोन पिशव्या भरल्या आणि एसटीनं निघालो. कापसाचा हंगाम. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना गाड्यांमधून उडालेला कापूस अडकलेला. बाबा खिडकीशी बसून मला विचारत होते, तूर कापली का, चना कसा हाये. मी सांगत होते.

कार्यालयात शिरलो आणि मी जरा थबकलेच. जिथे एरवी पंगती बसतात तिथे टेबलांवर देशच्या देश मांडलेले. कुठे बर्फ, कुठे वाळवंट, कुठे पानिपत. मोठमोठी टक्कल पडलेली माणसं कंबरेत वाकून, टेप हातात घेऊन, अगदी हळू आवाजात भांडत होती. स्टेजवर नवरानवरीच्या दोन लाल खुर्च्या तशाच होत्या. वरच्या खिडक्यांतून उन्हाचे पट्टे येत होते आणि त्यांत कापसाचे तंतू तरंगत होते. तोफ उडाली की तिच्या तोंडाशी कापसाचा पुंजका ठेवायचा, धूर म्हणून, अशी या लोकांची पद्धत आहे. बाहेरचे लोक औषधाच्या दुकानातला कापूस वापरतात. कौस्तुभनं बाजारातून सरकीसकट गठुडं आणलं होतं.

नवख्यांसाठी एक रंगकामाचं टेबल होतं. फौज मांडून होईपर्यंत मीही तिथे बसून एक शिपाई रंगवला. लाल कोट. रंग कोटापेक्षा माझ्या बोटांना जास्त लागला. दुकानात पेन्सिल कानामागे खोचायची सवय, तसा ब्रश खोचला असेल, लक्षात नाही. मग हात धुतले, केस सोडून पुन्हा बांधले आणि बाबांकडे गेले.

अडगावचं टेबल खिडकीपाशी होतं. बाबांची फौज एका बाजूला ओळीनं उभी राहिली तेव्हा आजूबाजूचे खेळ थांबले. लोक येऊन बघून जात होते. कोणी मोठ्यानं काही बोललं नाही, पण बाबांच्या कानांना सगळं कळत होतं. ते कॉलर नीट करत राहिले. समोर इंग्रजांकडून नागपूरचे डॉक्टर पाठक, दातांचे डॉक्टर, गप्पिष्ट माणूस. बाबांचे डोळे मी. "त्यांचे लाल वाले गावाच्या मागून निघाले, बाबा. तुमच्या तोफांपासून दीड वीत." बाबा डोकं हलवायचे, हुकूम सांगायचे, फासे स्वतः टाकायचे आणि खड्डे अंगठ्यानं चाचपून आकडा स्वतःच वाचायचे. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच बरं चाललं होतं.

या गटाची एक रीत मला फार आवडली. लढाईत मेलेले सैनिक इतरत्र डब्यात टाकतात म्हणे. कौस्तुभ तसं करू देत नाही. टेबलाशेजारी, मध्ये माणूस उभा राहील एवढी जागा सोडून, त्यानं शाळेतला एक बुटका बाक ठेवला होता. मेलेले बेस त्या बाकावर उभे करायचे, तोंड लढाईकडे करून. "गेलेल्यांना उरलेली लढाई दिसली पाहिजे ना," तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात म्हणाला, नियम सांगावा तसा.

मग वाद झाला. बाबांच्या तोफांना गावामागची पलटण दिसते की नाही? दिसली तर मारता येते, नाही दिसली तर नाही. हे ठरवायचं कसं, तर हनुवटी टेबलावर टेकवायची आणि त्या सैनिकाच्या डोक्यामागून, त्याच्या उंचीवरून बघायचं. त्याला दिसतं तेवढंच खरं. डॉक्टरांनी पाहिलं, म्हणाले नाही दिसत. कौस्तुभनं पाहिलं, म्हणाला टोपी दिसते. मी पाहिलं — आणि एक सांगते, तिथून बघितलं की अंग शहारतं. टेबल उरतच नाही. रंगवलेला भुसा म्हणजे खरोखरची ज्वारी होते आणि पलीकडचा पुठ्ठ्याचा वाडा लांब जातो.

"मलेही पाहू द्या," बाबा म्हणाले.

बाबा वाकले, तोफेवरच्या गोलंदाजाच्या मागे हनुवटी टेकवली. कापसाचा एक तंतू त्यांच्या भुवईवर येऊन बसला. ते तसेच थांबून राहिले, आणि मला दिसत होतं की ते खरंच प्रयत्न करतायत, डोळ्यांवर जोर देतायत. माझ्या खुर्चीत बसून माणसं तक्त्यावरच्या शेवटच्या ओळीसाठी करतात तसा.

"काही नाही," ते सरळ होत म्हणाले. "अंधार हाये."

डॉक्टर पाठक घाईनं म्हणाले, "सर, दिसते समजा. मारा तुम्ही." बाबांना ते लागलं. म्हणाले, "नाही. दिसत नाही तं नाही." आणि तोफ डागली नाही. पुढच्याच पाळीत इंग्रजांच्या तोफांनी तो शेवटचा बेस उडवला — तीन बंदूकवाले आणि पखालवाला.

दुसऱ्याच्या सैनिकांना हात लावायचा नसतो, म्हणून मी तो उचलून बाकावर ठेवला. डॉक्टर वाकून बघत म्हणाले, "सर, हा तुमचा पाणीवाला काहून पळून राहिला? सगळे लढाई पाहून राहिले, हा एकटाच—" आणि मध्येच थांबले. त्यांच्या लक्षात आलं. माझ्याही तेव्हाच आलं. तिघांची तोंडं पुढे होती आणि पखालवाल्याचं मागे.

बाबांनी हात पुढे केला. मी बेस त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तर्जनी एकेकाच्या चेहऱ्यावरून फिरवली. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्यावर बोट थांबलं. परत पहिल्यापासून फिरवली.

"उलटा लागला," ते म्हणाले.

मला काय वाटलं ते लिहिते. मला त्या क्षणी त्या कौस्तुभचा, त्या डॉक्टरचा, त्या सगळ्या कार्यालयाचा राग आला. इतकी वर्षं एका माणसानं खिडकीत बसून काम केलं, आणि शेवटच्या एका चुकीनं त्याला सगळ्यांदेखत कळलं की आपल्याला आता दिसत नाही. त्याला ते रोजच कळत होतं, तरीही. कौस्तुभ भला माणूस, म्हणाला, "सर, दोन मिनिटांचं काम आहे, माझ्याकडे पातळ ब्लेड आहे, सोडवून सरळ लावतो." मी पिशवी उचलली. चला बाबा, म्हणणार होते.

"नका सोडवू," बाबा म्हणाले. "ठेव त्याले बाकावर, प्रज्ञा, जसा हाये तसा. थो काय पाह्यते थे तं पाहू."

मी बेस बाकावर ठेवला, रीतीप्रमाणे लढाईकडे तोंड करून. म्हणजे पखालवाल्याची पाठ लढाईकडे. बाबा कौस्तुभच्या खांद्यावर हात ठेवून टेबल आणि बाक यांच्या मधल्या जागेत गेले, गुडघ्यावर बसले, आणि त्या बुटक्या बाकावर हनुवटी टेकवली. सगळी लढाई त्यांच्या पाठीमागे राहिली. बाकाच्या अलीकडे, त्यांच्या समोर, मी उभी होते, दोन हातांत दोन पिशव्या घेऊन.

इथून पुढचं नीट सांगता येईल की नाही माहीत नाही... आवाज दूर गेले. बंद नाही झाले, दूर गेले, दुपारी माजघरात पडल्यावर रस्त्यावरचे येतात तसे. पंख्याचा घरघराट ऐकू येत होता, पण तंतू जागच्या जागी थांबल्यासारखे वाटत होते. उन्हाचा पट्टा बाकावर होता. भिजलेल्या चामड्याचा, ओल्या मातीचा वास आला. तो वास मी नंतर कौस्तुभला विचारला, त्याला नव्हता आला. मला झोप आल्यासारखं झालं होतं, अगदी सुखाची. आणि मी बाबांच्या डोळ्यांकडे बघत होते.

मी रोज एक गोष्ट बघते. लेन्स बदलता बदलता एक क्षण येतो, माणसाचा चेहरा सैल पडतो. कपाळ खाली येतं, तोंड किंचित उघडतं. तो काही बोलायच्या आधी मला कळतं की नजर बसली. हे सोंग करून येत नाही. मुलं चष्मा नको म्हणून सोंगं करतात, मला लगेच ओळखू येतं.

बाबांची नजर बसली.

"ऊन हाये," ते म्हणाले. "ज्यादा नाही... सकाळचं असते तसं. समोर लाकडाचं मैदान हाये मोठं, रेघा रेघा." तो बाक होता. मग त्यांची बुबुळं वर सरकली. हळूहळू, पायथ्यापासून टेकडी बघत जावं तशी. "अन् पुढं कोणीतरी उभं हाये. लय मोठं. दोन हातांत दोन पिशव्या घेऊन."

मी पिशव्या खाली ठेवायला हवं होतं. हात हलेनात.

"प्रज्ञा," ते म्हणाले. विचारल्यासारखं नाही, नुसतं नाव घेतलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. पापणी मिटली तर जाईल असं वाटत असणार. "केस पांढरे झाले व माय तुये," ते म्हणाले. "पुरेच्या पुरे. मले सांगतलं नाही."



"आईवानी दिसून राह्यली," ते म्हणाले. आणि मग, अगदी शाळेतल्या आवाजात, "डाव्या कानाखाली लाल रंग लागला पाह्य. पूस थो."

कौस्तुभनं नंतर सांगितलं की हे सगळं चहा ओतून होईपर्यंत झालं असेल. मला ती एक अख्खी दुपार वाटली. अजूनही वाटते. बाबांनी हात टेकून उठायचा प्रयत्न केला, हनुवटी बाकावरून सुटली, आणि त्यांचा चेहरा पुन्हा नेहमीसारखा झाला. कान पुढे, डोळे कुठेच नाहीत. कौस्तुभनं खुर्ची दिली.

मी बाथरूमच्या आरशाकडे गेले. मान वळवून पाहिलं, काही नव्हतं. केस बाजूला केले, तरी नाही. मग मोबाईल हनुवटीच्याही खाली धरून, वर रोखून फोटो काढला. डाव्या कानाच्या पाळीच्या खालच्या अंगाला, जबड्याच्या खाचेत, लाल रंगाचा बारीक ओरखडा. वाळलेला. उभ्या माणसाला तो दिसायचा नाही. बसलेल्यालाही केसांमुळे नाही. खाली बाकाच्या उंचीवरून, मान वर करून बघितलं तरच दिसेल. मी तिथे बेसिनला टेकून उभी राहिले. भीती वाटली का, असं सगळे विचारतात. भीती नाही वाटली. कोणीतरी आपल्याला खूप दिवसांनी निवांत बघितलं, असं वाटलं.

लढाई संध्याकाळच्या आत संपली. भोसले हरले, हरायचेच होते. डॉक्टर पाठक बाबांच्या पाया पडले. मघाच्या थट्टेची माफीच मागत असावेत. सैनिक पुन्हा चष्म्याच्या डब्यांत गेले. पखालवाल्याचा बेस बाबांनी शर्टाच्या खिशात ठेवला.

एसटीत मी विचारलं, "बाबा, आता दिसते काही?"

"नाही. उठलो तवाच गेलं."

"काय झालं असन हो?"

"मले काय माईत. तू डोळ्याची डॉक्टर हायेस." मी डॉक्टर नाही, हे त्यांना हजारदा सांगून झालंय.

बस बाभळींच्या रांगेतून चालली होती. थोड्या वेळानं मी विचारलं ते मला विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही. "फौज दिसली का तुमाले?"

"कुठून दिसन? फौज माया पाठीमागं होती ना. थो उलटा होता." ते खिशावरून हात फिरवत होते. "इतके वर्सं मले वाटे एकडाव फौज पाहू. अन् पाह्याले भेटलं तं पाठ फौजीकडं."

"वाईट वाटलं?"

"कायले?" ते म्हणाले. "समोर पाह्याजोगं होतं ना."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. अंधारून आलं होतं, बाहेर काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी बाबांना खुर्चीत बसवलं. टॉर्च मारला. डोळ्यातली बाहुली हलली नाही. दुसऱ्या डोळ्याचंही तेच. उजेड कुठून येतोय हेसुद्धा सांगता आलं नाही. ऑपरेशन केलेल्या नागपूरच्या सरांनाही दाखवून आणलं. ते म्हणाले, नजर गेलेल्या माणसांना मेंदू चित्रं दाखवतो, हे नवीन नाही, माणसं दिसतात, फुलं दिसतात. मला ते माहीत आहे. केसांचं म्हणाल तर गल्लीतल्या कोणी बाईनं फितुरी केली असेल, हेही मी स्वतःच स्वतःला सांगून पाहिलं. पिशव्यांचं काय, दोन पिशव्या आणल्या होत्या हे त्यांना माहीतच होतं. पण रंग? मलाच माहीत नसलेला रंग? सरांनी चष्मा काढून पुसला आणि दुसऱ्या पेशंटला बोलावलं. त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही काच पुसली असती.

उत्तर शोधायचं आता बरंचसं सोडून दिलंय.

कौस्तुभचा मध्ये फोन आला होता, पखालवाला सरळ करून देऊ का म्हणून. बाबा नाही म्हणाले. तो बेस आता उजेडाच्या खिडकीत असतो. तीन बंदूकवाले रस्त्याकडे तोंड करून, आणि पखालवाला घराकडे. सकाळी चहा झाला की बाबा खिडकीबाहेर ओट्यावर जातात, चौकटीवर हनुवटी टेकवतात आणि त्याच्या मागून घरात बघतात. मी दुकानात जायची तयारी करून, केस विंचरून, समोर उभी राहते. डोळे तपासणारी बाई, वयानं एवढी मोठी, आंधळ्या बापासमोर शाळेतल्या पोरीसारखी उभी राहते. कोणी पाहिलं तर काय म्हणेल याचा विचार मी करत नाही. थोड्या वेळानं बाबा म्हणतात, "नाही व. जाय तू, उशीर होईन." मग मी जाते.

अजून तरी काही दिसलेलं नाही. पण केस मात्र मी पुन्हा रंगवले नाहीत. न जाणो, एखाद्या सकाळी दिसलंच, तर त्यांना मी ओळखू आले पाहिजे.